फ्रीझरमध्ये बर्फ होतो, खालचा कप्पा मात्र थंड होत नाही : गॅस भरावाच लागेल का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. आमच्याकडे आठ वर्षांपूर्वी घेतलेला, सुमारे अडीचशे लिटरचा डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आहे. गेल्या काही आठवड्यांपासून वरचा फ्रीझर व्यवस्थित चालतो, ट्रेमधले पाणी गोठते, ओले खोबरे कडक राहते. परंतु खालच्या कप्प्यात रात्री तापवून गार करून ठेवलेले दूध सकाळी चहात टाकले की फाटते, आणि कोथिंबीर तर दुसऱ्या दिवशीच चिकट होते. थर्मोस्टॅटचे बटण सर्वांत जास्त थंडाव्यावर ठेवूनही फरक पडलेला नाही. याशिवाय भाजीच्या ट्रेखाली पाणी साचते. हे पाणी रोज नसते. वीज बराच वेळ गेली, की त्यानंतर हमखास दिसते. आतून पंख्याचा आवाज पूर्वी सतत येत असे, तो आता कधी घरघरल्यासारखा येतो, तर कधी येतच नाही. फ्रीजच्या दोन्ही बाजूंचे पत्रे हाताला बऱ्यापैकी गरम लागतात.

मेकॅनिकला बोलावले असता त्यांनी फ्रीज न उघडताच, मागच्या बाजूने कंप्रेसरला हात लावून, गॅस कमी झाला असल्याचे सांगितले आणि साडेतीन हजार रुपये खर्च सांगितला. आठ वर्षांत गॅस संपतो का, आणि गॅस कमी असेल तर फ्रीझरमध्ये बर्फ कसा होतो, या दोन प्रश्नांची उत्तरे मला त्यांच्याकडून मिळाली नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना कारागीर (कोल्हापूर)

ताई, आपला दुसरा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय आपण गॅस भरून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि नळीला कुठे छिद्र किंवा तडा गेल्याशिवाय कमी होत नाही. म्हणजेच गॅस कमी झाला असेल, तर गळती कुठे आहे ते शोधणे हे पहिले काम ठरते. गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने पुन्हा निघून जातो.

आता आपल्या फ्रीजची रचना लक्षात घ्या. फ्रॉस्ट-फ्री डबल डोअर प्रकारात थंडावा निर्माण करणारी कॉइल बहुधा एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनेलआड बसवलेली असते. एक छोटा पंखा या कॉइलवरून हवा खेचतो, तिचा मोठा भाग फ्रीझरमध्ये सोडतो आणि उरलेली हवा एका बोगद्यातून खालच्या कप्प्याकडे पाठवतो. खालच्या कप्प्याला स्वतःचा असा थंडावा नसतो. वरून येणाऱ्या हवेवरच त्याचे सगळे अवलंबून असते. हवेतला ओलावा कॉइलवर बर्फ होऊन बसतो, म्हणून कंप्रेसर साधारण सहा ते बारा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटे चालू करतो. बर्फ वितळतो, पाणी खालच्या भोकातून नळीवाटे कंप्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जाते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. काही मॉडेलमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, पण काम हेच चालते.

हा हीटर चालेनासा झाला, की कॉइलच्या पात्यांमधल्या फटी बर्फाने बुजतात. फ्रीझर कॉइलला लागूनच असल्यामुळे थंड राहतो. हवा मात्र पुढे सरकत नाही आणि खालचा कप्पा उपाशी राहतो. बर्फ पंख्याच्या पात्यांपर्यंत पोहोचला, की घरघर सुरू होते, आणि पुढे पंखा अडकतो. आपण दिलेली लक्षणे या चित्राशी जुळतात.

खात्री करण्यासाठी मेकॅनिकला फ्रीज बंद करून बर्फ वितळण्याआधी आपल्यासमोर फ्रीझरचे मागचे पॅनेल उघडायला सांगा आणि बर्फ कुठे, कसा बसला आहे ते स्वतः पाहा. संपूर्ण कॉइलवर वरपासून खालपर्यंत पांढरा, भुरभुरीत थर असेल, तर बर्फ वितळवणारी ही यंत्रणा, म्हणजे डीफ्रॉस्ट, बंद आहे. कॉइलचा वरचा भाग स्वच्छ आणि तळाशी काचेसारखा पारदर्शक, टणक बर्फाचा ठोकळा असेल, तर हीटर चालतो आहे पण पाणी जाण्याचे भोक बुजले आहे. आणि कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ असून बाकीची कॉइल कोरडी असेल, तरच गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा. मात्र तसे असेल तर फ्रीझरही ढिला पडतो. आइस्क्रीम मऊ होते, बर्फ जमायला फार वेळ लागतो. कंप्रेसरला बाहेरून हात लावून यांतले काहीच कळत नाही.

पॅनेल उघडताना घाई करू देऊ नका. थंडीने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते आणि त्याचे खटके पटकन तुटतात. कोमट पाण्यात पिळलेले फडके काही वेळ त्यावर धरले तर ते सैल होते. बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने कधीही खरवडू नये. कॉइल ॲल्युमिनियमची असते, तिला टोक लागले की तिथेच छिद्र पडते, आणि मग गॅसचा खर्च खरोखरच अंगावर येतो.

मेकॅनिक लगेच मिळत नसेल, तर एक बिनखर्चाची चाचणी आहे. फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारे उघडी ठेवून पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या आणि खाली जुन्या चादरी अंथरा. पुन्हा चालू केल्यावर खालचा कप्पा काही दिवस उत्तम थंड झाला आणि नंतर हळूहळू त्याचा थंडावा पुन्हा कमी झाला, तर दोष डीफ्रॉस्टमध्ये किंवा पाण्याच्या भोकात आहे, हे नक्की समजा. गॅस कमी असलेला फ्रीज असा विश्रांतीनंतर सुधारत नाही.

बाजूंचे पत्रे गरम लागणे हा दोष नाही. अलीकडच्या बहुतेक फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी मागच्या जाळीऐवजी बाजूंच्या पत्र्यांच्या आतून फिरवलेली असते. तिथे हवा खेळण्यासाठी दोन्ही बाजूंना चार-पाच बोटांची जागा सोडली म्हणजे झाले.

मोगरा (नाशिक)

वरील विवेचन उत्तम आहे. त्यात घरच्या बाजूने थोडी भर घालते, कारण कॉइलवर इतका बर्फ बसण्याइतका ओलावा फ्रीजमध्ये येतो कुठून, हेही पाहायला हवे. चिपळूणच्या पावसाळ्यात हवा आधीच पाण्याने जड असते. दाराचे रबर कुठे वाकले किंवा कडक झाले असेल, तर ती हवा दिवसभर आत झिरपत राहते. दहा रुपयांची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावावे आणि नोट ओढून पाहावी. ती सहज निसटली, तर तेवढ्या भागात रबर टेकत नाही. ही पाहणी चारही कडांना, विशेषतः बिजागरीकडच्या बाजूने करावी, कारण तिकडे कोणी बघत नाही. रबराच्या घड्यांत पावसाळ्यात काळी बुरशी धरते. कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश एवढ्याने ती निघते आणि कित्येकदा रबरही पुन्हा नीट बसू लागते. वाकलेल्या जागी गरम पाण्याचे फडके धरून, हाताने आकार देऊन दार काही तास बंद ठेवल्यास त्याचाही उपयोग होतो.

दुसरी गोष्ट मांडणीची. फ्रीझरच्या मागच्या भिंतीला ज्या फटी असतात, त्यांना टेकवून मटार आणि खोबऱ्याच्या पिशव्या कोंबल्या, की हवेची वाट बंद होते. खालीही मोठे पातेले मागच्या झरोक्यासमोर ठेवू नये. आमटी, ताक, भिजवलेली कडधान्ये झाकून ठेवावीत. उघड्या भांड्यातली वाफ शेवटी त्या कॉइलवरच जाऊन बसते. सण जवळ आले, की आपण फ्रीज कोठीच्या खोलीसारखा भरतो आणि मग त्याच्या नावाने बोटे मोडतो, हे मला अन्यायाचे वाटते.

थंडावा मोजायचा असेल तर थर्मामीटर नुसता आत टांगू नका, कारण दार उघडताच हवेचे तापमान बदलते. पेलाभर पाण्यात तो बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी तीन ते पाच अंशांच्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. तो आठ-दहाच्या घरात असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत दूध, मासे आणि शिजवलेले अन्न त्या कप्प्यात ठेवू नये.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

दोघांचेही मनापासून आभार. आज दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून पॅनेल समोर उघडून घेतले. कॉइल दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत पांढरा भुरभुरीत बर्फ होता आणि पंख्याच्या एका पात्याला तो लागला होता. बर्फ वितळल्यानंतर त्यांनी मीटर लावून पाहिला. हीटर तुटलेला आहे आणि त्याच्याशेजारचा बायमेटल नावाचा स्विचही गेलेला आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. दोन्ही भाग उद्या बदलणार आहेत. फक्त एक शंका उरते. हीटर चालतच नव्हता, तर ट्रेखाली पाणी कुठून येत होते? आणि दोन भाग एकाच वेळी कसे बिघडले?

जुना कारागीर (कोल्हापूर)

पाण्याचे उत्तर आपल्या पहिल्याच टिपणात आहे. वीज बराच वेळ गेली, की हीटरशिवायच कॉइलवरचा बर्फ थोडा थोडा वितळत होता. भोकाच्या तोंडाशी बर्फाची गुठळी असल्यामुळे ते पाणी नळीत न शिरता आतल्या भिंतीवरून उतरून भाजीच्या ट्रेखाली येत होते. उद्या काम करताना त्या भोकात पिचकारीने कोमट पाणी सोडायला सांगा आणि ते मागच्या ट्रेमध्ये पडते ना, हे वाकून पाहा. ट्रेही एकदा धुऊन घ्या. त्याचा वास कित्येक घरांत फ्रीजचा वास म्हणून खपवला जातो.

बायमेटलबद्दल मात्र थोडे थांबा. तो थंडीत जोडला जाणारा आणि कॉइल गरम झाली की तुटणारा स्विच आहे. बर्फ वितळला की हीटर बंद व्हावा, एवढ्याचसाठी तो तिथे असतो. त्यामुळे खोलीच्या तापमानाला मीटर लावला, तर चांगला बायमेटलही तुटलेलाच दाखवतो. आपल्याकडे बर्फ पूर्ण वितळल्यावर मीटर लावला गेला, म्हणजे तो निर्वाळा विश्वासार्ह नाही. तो सुटा करून काही वेळ दुसऱ्या चालू फ्रीझरमध्ये ठेवावा, बाहेर काढताक्षणी मीटर लावावा. जोडणी दिसली आणि हातात धरून गरम झाल्यावर तुटली, तर तो ठणठणीत आहे. त्याचे आवरण फुगलेले किंवा तडकलेले दिसले तर मात्र न तपासता बदलावा. हीटरचे तसे नाही. चांगला हीटर कोणत्याही तापमानाला काही शे ओहम दाखवतो. मीटर हललाच नाही, तर तो गेला. त्याच्याबरोबर एकदाच जळणारा थर्मल फ्यूजही असतो, तो तपासल्याशिवाय पॅनेल लावू देऊ नका.

पावसाळी वारा (रत्नागिरी)

गॅसचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. फ्रीजच्या आतल्या बाजूला किंवा कंप्रेसरजवळ चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचे नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. त्यावर आर-६००ए असेल, तर तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील गॅस आहे, आणि घरगुती फ्रीजमध्ये तो बहुधा शंभर ग्रॅमहूनही कमी असतो. तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. फ्रीझरची कॉइल त्याहूनही थंड असल्यामुळे चालू फ्रीजच्या त्या बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे गळती झाली, तर गॅस जाण्याबरोबर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणून असा गॅस भरण्यापूर्वी ओलावा शोषणारा फिल्टर बदलणे, पंपाने नळ्या निर्वात करणे आणि काट्यावर वजन करून गॅस सोडणे ही तिन्ही कामे व्हावीच लागतात. अंदाजाने गॅस सोडणाऱ्याला आणि स्वयंपाकघरात शेगडी चालू असताना नळी जोडण्यासाठी तिला ज्योतीचा टॉर्च लावणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. साडेतीन हजारांत या तिन्ही गोष्टी येतात का, हे आधी विचारावे, आणि बिलावर गॅसचे नाव व वजन लिहून घ्यावे.

वीज सारखी ये-जा करत असेल, तर जुन्या पद्धतीच्या कंप्रेसरला पुन्हा सुरू होण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटांची उसंत हवी असते, नाहीतर नळ्यांतला दाब समान होण्याआधीच तो जोर लावतो आणि टक् आवाज करून बंद पडतो. विलंबाची सोय असलेला स्टॅबिलायझर त्याचसाठी घ्यावा. इन्व्हर्टर, म्हणजे वेग कमी-जास्त करत चालणाऱ्या कंप्रेसरच्या नव्या फ्रीजना तो बहुधा लागत नाही. त्यांना व्होल्टेजची किती चढ-उतार चालते, ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पट्टीवर आर-६००ए असेच लिहिलेले आहे. बायमेटल शेजारच्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवून तपासला. बाहेर काढताक्षणी जोडणी दाखवली आणि तळहातावर थोडा वेळ धरल्यावर ती तुटली. त्यामुळे फक्त हीटर बदलायला सांगितला आहे. फ्यूज शाबूत निघाला. भोकातून पाणी मात्र अजून थेंब थेंबच उतरते आहे, तेव्हा उद्या पॅनेल लावण्याआधी ती नळी पुन्हा साफ करून घेईन.