उमरावांच्या घरी गेलेल्या अभिनेत्री: मान मिळाला, पण रंगभूमी गेली?

चर्चाप्रस्ताव (लेखक: नेपथ्य)

ब्रिटिश उमरावांशी विवाह केलेल्या अभिनेत्रींच्या कथा नशीब उघडल्याच्या थाटात सांगितल्या जातात. माझ्या मते त्या मानाची किंमत त्यांनी कलेने मोजली. एलिझाबेथ फॅरनचे उदाहरण घ्यावे. डर्बीच्या बाराव्या अर्लची पहिली पत्नी विभक्त असली तरी हयात होती, म्हणून फॅरन वर्षानुवर्षे थांबली. लोकांना बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून आईची सोबतही तिने सोडली नाही. मार्च १७९७ मध्ये ती पत्नी वारली, ८ एप्रिलला फॅरनने लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात शेरिडनच्या 'द स्कूल फॉर स्कँडल' नाटकातील लेडी टीझलची भूमिका शेवटची केली आणि १ मे रोजी ती काउंटेस झाली. नाटकाच्या अखेरीस टीझलबाई निंदकांच्या मंडळाला आपली पदवी परत करते आणि यापुढे हा व्यवसाय बंद, असे सांगते. त्या रात्री हे वाक्य कोणाचे आहे, ते प्रेक्षकांना वेगळे सांगावे लागले नसेल. ऐन भरातली ही नटी पुन्हा रंगमंचावर आली नाही.

प्रतिसाद (जुनी दप्तरे)

असहमत. काय गेले ते आपण मोजता, काय मिळाले ते मोजत नाही. १७२८ मध्ये 'द बेगर्स ऑपेरा'त पॉली साकारून लॅव्हिनिया फेंटन लंडनभर गाजली आणि हंगाम संपताच बोल्टनच्या ड्यूकबरोबर निघून गेली. चित्रकार होगार्थने रंगवलेल्या या नाटकाच्या चित्रात ती गुडघे टेकून बापाची विनवणी करते आहे आणि उजव्या कडेला बसलेला ड्यूक तिच्याकडे टक लावून पाहतो आहे. ड्यूकचीही पत्नी हयात असल्याने लग्न थेट १७५१ मध्ये झाले; तोवर जन्मलेले तिन्ही मुलगे अनौरस ठरले आणि पुढे किताब ड्यूकच्या भावाकडे गेला. म्हणजे रंगभूमी किताबाशिवायही सुटत होती. लग्नाने मिळत होते ते कायद्याचे संरक्षण. फॅरनने हे ओळखले होते. तिला बिचारी ठरवणे हा तिच्या व्यवहारज्ञानाचा अपमान आहे.

प्रतिसाद (नेपथ्य)

व्यवहारज्ञान मान्य, पण असा व्यवहार करावा लागणे हीच माझी तक्रार आहे.

प्रतिसाद (खजिनदार)

मग हॅरिएट मेलन पाहा. १८१५ मध्ये तिने बँकर टॉमस कूट्सशी लग्न केले, त्याच्या मागे त्याची संपत्ती तिच्याकडे आली आणि १८२७ मध्ये ती सेंट ऑल्बन्सच्या ड्यूकची पत्नी झाली. एरवी बायकोचा पैसा नवऱ्याच्या हाती जाण्याचा तो काळ. मेलनने मात्र तो स्वतःच्या ताब्यात राखला आणि १८३७ मध्ये मृत्यूनंतर ड्यूकसाठी वार्षिक रक्कम ठेवून बहुतेक सगळे कूट्सची नात अँजेला हिला दिले. ड्यूकची मर्जी सांभाळणारी ही बाई नव्हे.

प्रतिसाद (नेपथ्य)

ते बळ बँकेचे होते. पैसा नसलेल्या बेल बिल्टनचे काय झाले? १८८९ मध्ये लॉर्ड डनलोने तिच्याशी गुपचूप लग्न केले. बापाने, म्हणजे क्लॅनकार्टीच्या अर्लने, मुलाला ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाला धाडले आणि मागाहून बायकोवर व्यभिचाराचा आरोप करून घटस्फोटाचा दावा लावायला लावला. ज्यूरीने १८९० मध्ये तिला निर्दोष ठरवले खरे, पण तोवर तिचे खासगी आयुष्य वर्तमानपत्रांत चघळून झाले होते.

प्रतिसाद (जुनी दप्तरे)

आणि पुढच्याच वर्षी सासरा वारल्यावर तीच काउंटेस झाली, हे आपण गाळलेत. शिवाय बिअट्रिस लिलीने १९२० मध्ये रॉबर्ट पीलशी लग्न केले, १९२५ मध्ये ती लेडी पील झाली, तरी विनोदी अभिनेत्री म्हणून तिची कारकीर्द १९६०च्या दशकापर्यंत चालली.

प्रतिसाद (नेपथ्य)

पील बॅरोनेट, म्हणजे उमरावांच्या खालचा वंशपरंपरागत किताबधारी, होता. उमरावसभेत त्याला जागा नव्हती. शिवाय घरची जमीनजुमल्याची अवस्था अशी होती की बायकोच्या कमाईला नाक मुरडणे त्याला परवडणारे नव्हते.