डेटा सेंटरसाठी सुपरकंडक्टिंग केबल: खर्च वसूल होतो का?

प्रश्न
आमच्या गटाकडे १०० मेगावॉटच्या डेटा सेंटरच्या वीजपुरवठ्याचा प्राथमिक आराखडा आहे. उपकेंद्र एक किलोमीटरवर आहे आणि केबलसाठी अरुंद पट्टाच मिळणार आहे. तांब्याच्या केबल त्यात शेजारीशेजारी टाकल्या की एकमेकींना तापवतात आणि प्रत्येकीची वहनक्षमता घटते. सुपरकंडक्टिंग केबलचा रोध शून्य असतो, तर वाचलेल्या विजेतून तिचा खर्च भरून निघेल का?

उत्तर १
केवळ वीजबचतीच्या हिशेबावर हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोध शून्य असतो तो डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला. एसीमध्ये, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहात, थोडा ऱ्हास होतोच. शिवाय केबल उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. निर्वात आवरण कितीही चांगले असले तरी उष्णता आत झिरपते, आणि त्या तापमानाला एक वॉट उष्णता बाहेर काढायला शीतकरण यंत्रणेला दहा-वीस वॉट वीज लागते. प्रवाह वाहो न वाहो, हा खर्च चालूच राहतो. डेटा सेंटरचा भार मात्र रात्रंदिवस चढा असल्यामुळे तो इथे कमी जाचतो.

खरा लाभ जागेचा आणि विद्युतदाबाचा आहे. जर्मनीतील एसेन शहरात २०१४ मध्ये सुरू झालेली एक किलोमीटरची केबल १० किलोव्होल्टवर ४० मेगावॉट वाहून नेण्यासाठी बांधली होती. त्याच कामासाठी एरवी ११० किलोव्होल्टची केबल आणि तिच्यासोबत दाब उतरवणारा मोठा ट्रान्सफॉर्मर वस्तीच्या मध्यावर आणावा लागतो. तुमची तुलना केबलशी केबलची नको, संपूर्ण व्यवस्थेची हवी.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, पण केबलच्या टोकांचा विचार आधी करा. अशी केबल ज्या पातळ फितींची बनते, त्या मी हाताळल्या आहेत: चार मिलिमीटर रुंदीच्या फितीतला सुपरकंडक्टिंग थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि ती जास्त वाकली तर त्याला गेलेला तडा डोळ्यांना दिसतही नाही. इमारतीच्या आत ८०० व्होल्ट डीसीवर १० मेगावॉट न्यायचे तर १२,५०० अँपिअर लागतात. एवढा प्रवाह थंड भागात नेणाऱ्या तांब्याच्या जोडांतूनच बरीच उष्णता शिरते. त्यामुळे अंतर काही मीटरचेच असेल तर तांब्याच्या पट्ट्याच बऱ्या.

प्रश्नकर्ता
शीतकरण बंद पडले तर?

उत्तर २
राखीव यंत्र आणि द्रवरूप नायट्रोजनची टाकी आराखड्यातच धरा. गळती झाल्यास नायट्रोजनचे आकारमान सुमारे सातशे पट होते आणि बंदिस्त तळघरातला प्राणवायू कमी होतो, म्हणून तिथे प्राणवायूमापक आणि वायुवीजन अनिवार्य समजा.