वर्तमानपत्रातील शब्दांची कविता : शब्दाचा प्रत्यय कापावा का?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

सांगलीच्या गावभागातील एका छोट्या वाचनालयात मी दर रविवारी सातवी ते नववीच्या मुलांचा तास घेते. गेले तीन रविवार आम्ही रद्दीतील वर्तमानपत्रांतून कविता करीत आहोत. एका पद्धतीत एकाच बातमीतील हवे ते शब्द ठेवून उरलेला मजकूर काळ्या रंगाने झाकायचा. दुसरीत निरनिराळ्या बातम्यांतील शब्द कापून कोऱ्या कागदावर खळीने चिकटवायचे. पदरचा एकही शब्द घालायचा नाही, हा नियम दोन्हीकडे एकच.

अडचण अशी की मराठी शब्द सहसा एकटा येत नाही. एका मुलीला 'पाणी' हवे होते, परंतु तिच्या बातमीत 'पाण्याची', 'पाण्यामुळे', 'पाण्याचा' एवढेच होते. दुसरे म्हणजे, बहुतेक वाक्ये 'करण्यात आले आहे' अशी संपत असल्यामुळे कविता वाचताना सरकारी नोटीस वाचल्यासारखे वाटते. प्रत्यय कापण्याची परवानगी द्यावी, की तसे केल्याने या खेळाचा नियमच मोडतो? मुलांचे कागद भिंतीवर लावण्याचाही विचार आहे, त्याबद्दलही सुचवावे.

उत्तर १ : निवृत्त मास्तर (वाई)

ताई, परवानगी अवश्य द्यावी, कारण प्रत्यय कापल्यावर जे उरते ते मोडके नसते. 'पाण्याची' मधील 'ची' झाकली की 'पाण्या' हे सामान्यरूप उरते, आणि एकवचनात सामान्यरूप व संबोधन ही रूपे बहुधा सारखीच असतात. म्हणजे जी मुलगी पाण्याविषयी लिहू पाहत होती, ती एका फटक्यात पाण्याशी बोलू लागते. 'घराला' मधून 'घरा', 'शेतकऱ्याने' मधून 'शेतकऱ्या' अशा हाका प्रत्येक बातमीत दडलेल्या आहेत. 'नदीला' सारख्या शब्दात तर मूळ शब्दच हाती येतो. अनेकवचनात मात्र अडते : 'नद्यांना' मधील 'ना' काढल्यावर 'नद्यां' उभे राहत नाही, तेव्हा दुसरीकडून 'नो' शोधून आणावा लागेल. 'घरी' सारख्या शब्दातील प्रत्यय अक्षरातच मुरलेला असतो. तेथे कात्री चालत नाही.

'करण्यात आले' या प्रयोगाला आपण दोष देता, पण मला तीच खाण वाटते. 'पाणी सोडण्यात येणार आहे' यातील 'सोडण्यात' झाकून पाहा. 'पाणी येणार आहे' एवढेच उरते. 'धरणातून विसर्ग सुरू करण्यात आला आहे' मधून नुसते 'आला आहे' ठेवले, तर कोण आला हे कवितेने ठरवायचे. येथे लिंगाचे बंधन येते, 'आली' असेल तर स्त्रीलिंगी नाम हुडकावे लागते, आणि माझ्या अनुभवाने व्याकरणाच्या तासाला जे मुलांना कंटाळवाणे वाटते तेच ती येथे आपणहून करतात.

१९२० मध्ये ट्रिस्टन त्झारा या दादावादी (रूढ कला व तर्क झुगारणाऱ्या चळवळीतील) कवीने वर्तमानपत्रातील शब्द कापून पिशवीत घालावेत, पिशवी हलवावी आणि निघतील त्या क्रमाने ते लिहावेत, अशी कृती सांगितली होती. मराठीत ती जशीच्या तशी केली तर 'धरणातून', 'शेतकऱ्यांनी', 'नदीला' असे प्रत्यय लागलेले तुकडे क्रियापदाची वाट पाहत बसतील. तेव्हा आपल्याकडे पिशवीपेक्षा निवड बरी.

उत्तर २ : माणदेशी (आटपाडी)

मला हा सगळा प्रकार कवितेपेक्षा शब्दकोड्याच्या जवळचा वाटतो. आपल्याकडे समस्यापूर्ती होती, परंतु तेथे दिलेला चरण परका असला तरी उरलेले चरण कवीचे स्वतःचे असत. येथे सगळेच उसने. तरीही करायचेच असेल, तर निदान अभंगाचे बंधन घाला : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक. 'पाणीपुरवठा' आणि 'ग्रामपंचायत' हे अगदी रुक्ष शब्द, पण दोन्ही नेमके सहा अक्षरांचे आहेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट, हे सांगलीकरांना पाठच असते. पुराच्या बातमीवरून मी बसल्या बसल्या जुळवून पाहिले :

इशारा पातळी । चाळीस फुटांची ।
वाट पाहण्याची । रात्र होती ॥

शंका कायम आहे, पण हे जुळवताना तासभर गेला, हे कबूल करतो.

उत्तर ३ : जुना जुळारी (सातारा)

मी उमेदीची वर्षे छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्यात घालवली. खणातील खिळे कोणाच्याच मालकीच्या भावना घेऊन येत नसत. त्याच खिळ्यांतून सकाळी लग्नपत्रिका निघे आणि दुपारी दहाव्याचे पत्र. त्यामुळे उसन्या शब्दांचा आक्षेप मला फारसा पटत नाही.

थोडे कागदाविषयी. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, मार्कर मागच्या बाजूला उतरतो. त्यापेक्षा घट्ट कालवलेला पोस्टर रंग चांगला. एका बाजूचा शब्द कापला की मागच्या बातमीला भोक पडते, म्हणून आधी दोन्ही पाने वाचायला लावा. लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे हा कागद उन्हात लवकर पिवळा पडतो, तेव्हा भिंतीवर झेरॉक्स लावावी आणि मूळ कागद फाइलीत ठेवावा. सुट्या शब्दांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तरी वर्तमानपत्राचे नाव व तारीख खाली लिहिणे सभ्यपणाचे. अपघाताच्या आणि निधनाच्या बातम्या मात्र मुलांना देऊ नयेत. त्या घरातील कोणी भिंतीसमोर उभे राहू शकते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मास्तरांची सूचना काल मुलांना सांगितली. 'पाणी' न सापडलेल्या मुलीने तीच बातमी पुन्हा घेतली. विसर्ग वाढविण्यात येणार असल्याची आणि नगरसेवकांनी पाहणी केल्याची ती बातमी होती. 'पाण्याची' मधील 'ची' तिने झाकली, 'वाढविण्यात' झाकले आणि 'आजी-माजी नगरसेवक' यातील 'माजी नगरसेवक' हे शब्दही झाकले. उरले ते असे :

पाण्या,
आजी
घरी
येणार आहे