वर्गात उभं राहून लिहायची डेस्क, कोणाच्या शाळेत आहेत का?

मुक्ताची_आई
नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय. मुलगी पाचवीत आहे, पुण्यातली खासगी शाळा, नाव नको. परवाच्या पालकसभेत सांगितलं की पुढच्या वर्षी पाचवी ते सातवीचे जुने बाक काढून सगळीकडे स्टँडिंग डेस्क आणणार, मुलं दिवसभर बसून असतात म्हणून, आणि त्याचे पैसे फीव्यतिरिक्त वेगळे भरायचे. अमेरिकेत मुलांची वजनं आटोक्यात आली वगैरे स्लाइड्स दाखवल्या. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी बाकावर उभं करायचे ती शिक्षा असायची, आता त्याचे पैसे भरायचे होय! हसलो सगळे, पण मला कल्पना अगदीच वाईट वाटत नाहीये, कारण मुक्ता शाळा, बस, क्लास धरून बसलेलीच असते आणि हल्ली पाठ दुखते म्हणते. फक्त 42 मुलांच्या वर्गात हे जमतं का? आणि सहा तास उभं राहून पाय नाही दुखणार? माहिती असेल त्यांनी सांगा, नुसतं परदेशी फॅड म्हणून उडवून लावू नका प्लीज.

यॉर्कशायरकर
ताई, स्लाइडवरचं ते बहुतेक टेक्सासचं असणार. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीचे मार्क बेंडेन आणि त्यांची टीम, कॉलेज स्टेशन गावातल्या 3 प्राथमिक शाळा, 193 मुलं, दोन वर्षं, 2016 मध्ये छापून आलं. दोन्ही वर्षं उंच डेस्क मिळालेल्या मुलांचा बीएमआय पर्सेंटाइल (म्हणजे उंचीच्या मानाने वजन, आणि त्यात त्याच वयाच्या मुलांमध्ये नंबर कितवा) साध्या बाकांवरच्या मुलांच्या तुलनेत सरासरी पाचेक पॉइंटनी खाली आला, हे खरंय. पण तिथे कोणी मुलांना दिवसभर उभं केलं नव्हतं हो! डेस्क उंच, सोबत तितकंच उंच स्टूल, आणि खाली एक पाय टेकवायला दांडी. कंटाळा आला की बसा, बसून कंटाळा आला की उभे राहा, विचारायची गरज नाही. तुमच्या स्लाइडमध्ये स्टूल होतं का ते आधी बघा, कारण स्टूल गाळलं की सासूबाई म्हणतायत तेच होणार.

आणि इकडे इंग्लंडमध्ये, आमच्या शेजारी ब्रॅडफर्डला, लफबरो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 8 शाळांमध्ये ट्रायल घेतली होती, नऊ-दहा वर्षांची मुलं, त्यातली बरीचशी आपल्याच उपखंडातल्या घरांतली. त्यांनी अख्खा वर्ग बदललाच नाही. ज्या वर्गांत प्रयोग केला तिथे फक्त 6 वर-खाली होणारी डेस्क ठेवली आणि मुलांनी आळीपाळीने ती वापरायची. तेवढ्यावर दिवसाचं बसणं साधारण अर्धा तास कमी झालं. छोटी ट्रायल होती, त्यावरून फार मोठ्या उड्या मारता येत नाहीत, पण 42 च्या वर्गात 42 डेस्क कशाला हा प्रश्न मॅनेजमेंटला नक्की विचारा.

रंधा_आणि_पटाशी
मी शाळांचं फर्निचर करतो, साताऱ्याकडे. खरी भानगड उंचीची आहे. पाचवीच्या एका वर्गात एक पोरगं सव्वाचार फूट आणि एखादी पोरगी पाच फुटाच्या वर, आणि उभं राहून लिहायचं तर टॉप साधारण कोपराच्या लेव्हलला पाहिजे, खाली असलं तर पोरगं वाकणार आणि वर असलं तर खांदे उचलून लिहिणार, म्हणजे बाकावर दुखत नव्हतं ते पण दुखायला लागेल. एकाच उंचीची सरसकट ऑर्डर दिली तर समजा की पैसे पाण्यात. हँडल फिरवून वर-खाली होणारी येतात पण मधल्या सुट्टीत पोरं त्या हँडलशीच खेळतात, महिन्यात आटे जातात. त्यापेक्षा दोन-तीन फिक्स साइझ करून घ्या आणि जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा उंचीप्रमाणे पोरांची अदलाबदल करा.

अजून एक, उंच डेस्क डगमगतं. खालची चौकट रुंद पाहिजे आणि पायांचे रबरी बूट चांगले पाहिजेत, ते निघाले ना की एक डेस्क सरकलं तरी खालच्या मजल्यावरच्या बाई वर येतात भांडायला 😄 आणि दप्तराला बाजूला हूक मागून घ्या, नाहीतर दप्तर त्या पायाच्या दांडीवरच ठेवतात आणि दांडी असून नसल्यासारखी.

फिजिओ_ऋता
वजन कमी होण्यासाठी घेत असाल तर राहू द्या असं माझं स्पष्ट मत. बसण्यापेक्षा उभं राहून मिनिटाला जेमतेम 0.15 कॅलरी जास्त जातात, हा आकडा मोठ्या माणसांवरच्या अभ्यासांचा आहे, पण अंदाज येतो. तीन तास उभं राहिलात तर 27 कॅलरी, म्हणजे एखादं ग्लुकोज बिस्किट. फायदा उभं राहण्यात नाहीये, बदलत राहण्यात आहे. एकाच जागी तासन्‌तास उभं राहिलं तर पाय आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात, दुकानात काउंटरला उभ्या असणाऱ्यांना विचारा. ती दांडी त्यासाठीच असते, एक पाय वर घेतला की कंबरेवरचा ताण कमी होतो, मग पाय बदलायचा.

आणि मुक्ताच्या पाठीबद्दल, डेस्कची वाट बघू नका. आत्ता बाकावर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकतात का लोंबकळतात ते बघा, आणि दप्तर एकदा वजनकाट्यावर ठेवा. केंद्र सरकारच्या 2020 च्या स्कूल बॅग पॉलिसीत मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच दप्तर असावं असं आहे, म्हणजे 30 किलोची मुलगी असेल तर 3 किलो, डबा-बाटलीसकट मोजलंत तर बहुतेक धक्का बसेल. दुखणं तरीही राहिलं तर कोणाला तरी दाखवून घ्या.

आडगावचे_गुरुजी
आमच्या झेडपीच्या शाळेत पोरं बस्करपट्टीवर बसतात, त्यामुळे आम्हाला हा प्रश्नच नाही 😀 मांडी घातलेलं पोरगं दहा मिनिटांत चारदा पाय बदलतं, उठून फळ्याशी येतं, पाण्याला जातं. बाकात तिघं कोंबले की मधलं पोरगं मात्र तास संपेपर्यंत हलत नाही, हे खासगीवाल्यांनी बघावं.

तरी वरच्या वर्गात बाक आले तेव्हा मी एक उद्योग केला, मागच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकून लांब फळी लावली. ज्याला चुळबुळ होते त्याने वही घेऊन मागे जायचं, उभं राहून लिहायचं, परवानगी नको. मागे असल्यामुळे कोणाच्या फळ्याआड पण येत नाही. पहिला आठवडा सगळे तिकडेच पळत होते, मग नवलाई संपली आणि ज्यांना खरी गरज आहे तेच जातात, बहुतेक पोरं आमची वळवळीच.

पण मॅडम, एक विचारतो, तुमच्या शाळेत पीटीचा तास आठवड्यात किती आणि त्यातले गणिताच्या बाई किती घेतात? परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. तो तास वाचवायला फी वाढवावी लागत नाही.

मुक्ताची_आई
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. स्लाइड परत बघितल्या, फोटोत कुठेच स्टूल नाहीये आणि सगळी डेस्क एकाच मापाची दिसतायत. शनिवारी पालक संघाची मीटिंग आहे, तिथे म्हणणार आहे की आधी एका वर्गात सहा-आठ स्टूलसकट ठेवून एक टर्म बघा, मग पैशाचं बोला. पीटीचं मुक्तालाच विचारलं, ती म्हणे मागच्या महिन्यात एकदाच झाला. दप्तर उद्या मोजते. गुरुजी, ती फळी किती रुंद आणि किती उंचीवर लावलीत?

आडगावचे_गुरुजी
फूटभर रुंद पुरते, वही उघडी राहून कंपास पण बसली पाहिजे. उंची दोन ठेवल्यात, अर्धी फळी खाली आणि अर्धी सहा इंच वर, म्हणजे लहान-मोठे दोघांचं भागतं. पुढची कड गोल घासून घ्या, नाहीतर मनगटाला काचते. आणि खिडकीखाली लावू नका, सगळी पोरं बाहेरचाच अभ्यास करतात.