लेयर केलेल्या ॲप्ससह नॉन-पर्सिस्टंट डेस्कटॉप: यूजरचा डेटा काही ॲप्समध्ये टिकतो, काहींमध्ये उडतो

प्रश्न

विंडोज १० चे नॉन-पर्सिस्टंट डेस्कटॉप आहेत. बेस इमेज (विंडोजची मूळ प्रत) वेगळी, ॲप्स वेगवेगळ्या लेयर्समध्ये, म्हणजे इमेजवर चढवलेल्या स्वतंत्र डिस्कच्या थरांमध्ये. लॉगऑफ झालं की मशीन मूळ स्थितीत जातं. प्रोफाइलसाठी एफएसलॉजिक्सचा कंटेनर (यूजरचं प्रोफाइल साठवणारी, लॉगऑनला जोडली जाणारी डिस्क फाइल) एसएमबी शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे. ब्राउझरचे बुकमार्क आणि डेस्कटॉपवरच्या फाइल्स व्यवस्थित परत येतात. पण दोन जुन्या ॲप्सचं कॉन्फिगरेशन रोज नव्याने करावं लागतं. म्हणून काही यूजर्सना फुल यूजर लेयर (यूजरने केलेले सगळे बदल साठवणारी त्याची स्वतःची लेयर) देऊन पाहिली. तिथे कॉन्फिगरेशन टिकलं, पण ॲपच्या लेयरची नवी आवृत्ती दिली तरी त्यांना जुनीच दिसते. कंटेनर आणि यूजर लेयर दोन्ही एकत्र चालवावं का?

उत्तर १

आधी ती ॲप्स नेमकं कुठे लिहितात ते बघा. प्रोफाइल कंटेनर फक्त सी ड्राइव्हवरचं यूजरचं फोल्डर आणि एचकेसीयू (रजिस्ट्रीतला यूजरचा भाग) सांभाळतो. प्रोग्रामडेटा, प्रोग्राम फाइल्स किंवा एचकेएलएम (रजिस्ट्रीतला मशीनचा भाग) मध्ये लिहिलेलं काहीच त्यात जात नाही, ते लॉगऑफबरोबर गेलं.

प्रोसेस मॉनिटर (ॲप कुठल्या फाइल्सना आणि रजिस्ट्रीला हात लावतं ते दाखवणारं टूल) चालू करा, फिल्टरमध्ये त्या ॲपच्या एक्झी फाइलचं नाव टाका आणि ऑपरेशन फक्त राइटफाइल व रेजसेटव्हॅल्यू ठेवा. मग ॲपमध्ये एक सेटिंग बदलून सेव्ह करा. पाच मिनिटांत मार्ग समोर येतो. ॲपच्या सेटिंगमध्ये किंवा आयएनआय फाइलमध्ये डेटा फोल्डर बदलता येत असेल तर तो ॲपडेटामध्ये वळवा, हाच सगळ्यात स्वच्छ उपाय. फोल्डर बदलता येत नसेल, तर लॉगऑफच्या स्क्रिप्टने तेवढं फोल्डर प्रोफाइलमध्ये कॉपी करायचं आणि लॉगऑनला परत आणायचं. लॉगऑनच्या वेळी त्या जागी लिहायचा हक्क यूजरला हवा, हे विसरू नका.

३२ बिटची खूप जुनी ॲप्स प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू पाहतात तेव्हा विंडोज कधी कधी ते लिखाण गुपचूप ॲपडेटाच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवतं. तसं झालं तर ते आपोआप टिकतं. त्यामुळे एक जुनं ॲप टिकलं म्हणून दुसरंही टिकेल असं धरू नका.

पासवर्ड किंवा लायसन्स रोज मागत असेल तर मुद्दा निराळा. ती माहिती मशीनच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असेल, तर फाइल जागेवर असूनही दुसऱ्या मशीनवर ती वाचता येत नाही. तिथे कुठलाच कंटेनर कामाचा नाही, ॲपचं लायसन्सच यूजरला किंवा सर्व्हरला बांधलेलं हवं.

उत्तर २

जुनी आवृत्ती का दिसते ते सांगतो. यूजर लेयर सगळ्यांच्या वर बसते. ॲपने स्वतःला एकदा अपडेट केलं किंवा एखादी फाइल नुसती बदलली, की ती अख्खी फाइल यूजर लेयरमध्ये येते. मग खाली कितीही नवी आवृत्ती द्या, वरची फाइल ती झाकून टाकते. म्हणून ॲपची लेयर बनवतानाच ऑटो-अपडेटची सर्व्हिस आणि टास्क शेड्यूलरमधली नोंद, दोन्ही बंद करा. एकच बंद केली तर दुसरी तिला पुन्हा जागं करते.

आधीच अडकलेल्या यूजर्ससाठी: त्यांना लॉगऑफ करा, त्यांच्या यूजर लेयरच्या व्हीएचडीची (व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलची) प्रत काढून ठेवा, मूळ फाइल माउंट करून त्यातलं त्या ॲपचं फोल्डर पुसून टाका. अँटीव्हायरस, व्हीपीएन, ड्रायव्हर टाकणारी ॲप्स आणि ऑफिस यूजर लेयरमध्ये कधीच नकोत. ती इमेजमध्ये किंवा त्यांच्या स्वतंत्र ॲप लेयरमध्येच ठेवा.

दोन्ही एकत्र नको, असं माझं ठाम मत आहे. यूजर लेयरमध्ये यूजरचं प्रोफाइल फोल्डर साठलेलं असेल, तर एफएसलॉजिक्सला ते लोकल प्रोफाइल वाटतं आणि मूळ सेटिंगनुसार तो कंटेनर जोडतच नाही. एफएसलॉजिक्सच्या रजिस्ट्रीतल्या डिलीट लोकल प्रोफाइल व्हेन व्हीएचडी शुड अप्लाय या सेटिंगची किंमत १ केली तर तो ते लोकल प्रोफाइल पुसतो. म्हणजे त्यात साठलेला डेटाही गेला. स्वतःची ॲप्स टाकायची खरी गरज असलेल्यांनाच यूजर लेयर, बाकी सगळ्यांना कंटेनर.

प्रश्नकर्ता

प्रोसेस मॉनिटरने दाखवलं, दोन्ही ॲप्स प्रोग्रामडेटामध्ये लिहितात. एकाचा मार्ग आयएनआय फाइलमधून बदलता येतो. दुसऱ्यासाठी स्क्रिप्ट करतो. कंटेनरच्या बाजूने आणखी काही तपासू का?

उत्तर ३

एफएसलॉजिक्सचं प्रिव्हेंट लॉगिन विथ फेल्युअर हे सेटिंग १ करा, म्हणजे कंटेनर जोडला गेला नाही तर लॉगऑनच होणार नाही. नाहीतर कंटेनर लॉक असताना यूजर तात्पुरत्या प्रोफाइलवर दिवसभर काम करतो आणि संध्याकाळी ते सगळं नाहीसं होतं. लॉक बहुतेकदा अडकलेल्या जुन्या सेशनचा असतो. फाइल सर्व्हरवर पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीओपनफाइल चालवलं की कुठल्या मशीनने फाइल धरली आहे ते दिसतं. लॉगऑफ पूर्ण होण्याआधी मशीन रीसेट करू नका, व्हीएचडीएक्स (कंटेनरची डिस्क फाइल) खराब होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

कंटेनरच्या आकाराची मूळ मर्यादा ३०००० एमबी आहे. नंतर वाढवता येते, कमी करता येत नाही. फाइल्स पुसल्या म्हणून शेअरवरची व्हीएचडीएक्स लहान होत नाही. एफएसलॉजिक्सच्या २२१० आवृत्तीपासून साइन-आउटच्या वेळी ती आकसवण्याची सोय आहे, त्याआधीची आवृत्ती असेल तर आधी अपडेट करा. अँटीव्हायरसच्या स्कॅनमधून शेअरवरच्या व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स फाइल्स वगळा. अडचण आलीच तर प्रोग्रामडेटातल्या एफएसलॉजिक्सच्या लॉग्स फोल्डरमध्ये प्रोफाइल नावाचं फोल्डर उघडा. जोडणी कुठल्या पायरीवर थांबली ते तिथे वेळेसकट लिहिलेलं असतं.