लहान केल्यावर अ‍ॅनिमे आयकॉनमधला चेहरा पिवळा पडतो आणि रेषा पुसट होतात, काय करू?

चित्रवेडी:
मी अ‍ॅनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशन) स्क्रीनकॅपचे, म्हणजे व्हिडिओतून पकडलेल्या चित्राचे, १०० बाय १०० पिक्सेलचे आयकॉन (प्रोफाइलला लावायची छोटी चित्रं) करते, गिम्प या चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. कॅप १०८० चा असतो, त्यातला चौकोन क्रॉप करते, त्यावर सॉफ्ट लाइट मोडमध्ये (मोड म्हणजे वरचा लेअर खालच्यात कसा मिसळायचा ती पद्धत) पीच रंगाचा लेअर, त्याच्यावर एक्सक्लूजन मोडमध्ये गडद निळा, आणि मोठं असताना इतकं सुंदर दिसतं ना, सावल्या निळसर, केसांना चमक, सगळं मनासारखं. पण लहान केलं की जीवच जातो त्यातला. रेषा पुसट, डोळ्यांच्या जागी नुसते डाग, आणि चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा. शार्पन मारलं तर रेषांच्या बाजूला पांढऱ्या कडा उमटतात. इतरांच्या आयकॉनमध्ये पापणीसुद्धा स्पष्ट असते, ते नेमकं काय वेगळं करतात? आणि आधी रंग करायचे की आधी लहान करायचं, हेही सांगा प्लीज.

रेघोटी:
रंगांचं नंतर बघू, आधी क्रॉप. १०८० चा अख्खा चौकोन १०० वर आणतेस म्हणजे जवळजवळ ११ पट लहान करतेस, मूळ चित्रातली ३ पिक्सेल जाड रेषा तिथे जेमतेम पाव पिक्सेलची उरते, आणि पाव पिक्सेल काही दाखवता येत नाही, मग सॉफ्टवेअर तो काळा रंग शेजारच्या त्वचेत मिसळून टाकतं आणि तुला राखाडी धूसर पट्टा दिसतो. त्यावर कितीही शार्पन मारलंस तरी तिथे रेषा नाहीच आहे. त्यापेक्षा जवळून क्रॉप कर. साधारण ४०० चा चौकोन घेतलास तर ४ पटच लहान होतं, तीच रेषा पाऊण पिक्सेलची राहते आणि डोळ्याला दिसते. अख्खं डोकं यायलाच हवं असा काही नियम नाही, अर्धा चेहरा, एक डोळा आणि थोडे केस, एवढ्यावर फार छान आयकॉन होतात, उलट मला तेच जास्त आवडतात. शार्पन सगळ्यात शेवटी, अनशार्प मास्कची (कडा ठळक करणारं फिल्टर) रेडियस अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवून. फोटोशॉपवाल्यांनी बायक्युबिक शार्परने (लहान करतानाच धार देणारा पर्याय) लहान केलं असेल तर वरून आणखी शार्पन बहुतेक लागतच नाही.

निळीशाई:
पिवळेपणा त्या एक्सक्लूजनमुळे येतोय, लहान करण्याशी त्याचा फारसा संबंध नाही, मोठ्या चित्रातही तो असतोच, फक्त तिथे बाकीचं बघायला इतकं असतं की लक्ष जात नाही. हिशोब करून बघा. तुमचा निळा समजा आरजीबीत (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) १०, २०, ६० आहे. काळ्यावर तो जसाच्या तसा बसतो म्हणून सावल्या निळ्या होतात, ते छानच. पण पांढऱ्यावर एक्सक्लूजन उलटं चालतं, तोच रंग वजा होतो, म्हणजे २५५, २५५, २५५ चं २४५, २३५, १९५ झालं. निळा सगळ्यात जास्त गेला, मागे राहिला पिवळा, आणि अ‍ॅनिमेतली त्वचा मुळातच उजळ असते म्हणून मार सगळा चेहऱ्यावर बसतो. त्यात पीचची भर.
तोच निळा लेअर लायटन मोडवर टाकून बघा. लायटनमध्ये प्रत्येक चॅनलचा (लाल, हिरवा, निळा) मोठा आकडा राहतो, म्हणून फक्त गडद भाग बदलतात, चेहऱ्याला हातच लागत नाही. एक्सक्लूजनचा तो जुना मळकट लुकच हवा असेल तर लेअर मास्क (लेअरचा हवा तो भाग झाकायची सोय) घेऊन मऊ ब्रशने चेहऱ्यावरून पुसून काढा. आणि कॅप अंधारा असेल तर या सगळ्याच्या आधी त्याचीच कॉपी स्क्रीन मोडवर टाकून उजळ करून घ्या, काळोखावर रंगांचे लेअर चढवत बसलं की नुसता चिखल होतो.

लेअरप्रेमी:
क्रमाबद्दल. लोक मोठ्यावर रंग करून मग लहान करतात, मी ठामपणे उलटं सांगेन, आधी क्रॉप, मग लहान, मग रंग. कारण लहान करताना बारीक बारीक रंग एकमेकांत मिसळतात आणि कॉन्ट्रास्ट पडतो, तो किती पडलाय हे डोळ्यासमोर असल्याशिवाय सॉफ्ट लाइट किती टक्के ठेवायचं ते कळणार कसं? मोठ्यावर केलेला अंदाज लहानावर चुकतोच. झूम करून काम करत असाल तर गिम्पमध्ये व्ह्यू मेनूत न्यू व्ह्यू आहे, त्याने त्याच चित्राची दुसरी विंडो उघडते, ती १०० टक्क्यांवर बाजूला ठेवा आणि निर्णय तिच्याकडे बघून घ्या.

रेघोटी:
@लेअरप्रेमी स्क्रीनकॅपसाठी मान्य, पण ब्लॅक अँड व्हाइट मांगा (जपानी कॉमिक्स) पॅनल रंगवायचं असेल तर रंग मोठ्यावरच भरायचे, १०० पिक्सेलमध्ये बुबुळात रंग भरायला जागा तरी कुठे असते.

चित्रवेडी:
लायटन केलं, चेहरा एकदम स्वच्छ झाला! क्रॉपही जवळून घेतला, पापण्या दिसतात आता, खूप खूप आभार. रेघोटी, तू मांगाचं म्हणालीस म्हणून विचारते, मला ते पण करायचंय, पण बकेटने (एका क्लिकमध्ये अख्खा भाग रंगवणारं टूल) रंग भरला की रेषेच्या कडेने पांढरी किनार राहते, आणि लहान केल्यावर राखाडी भागात विचित्र जाळी येते. आणि सेव्ह जेपीईजी करू की पीएनजी?

रेघोटी:
रेषांच्या लेअरवर रंग भरूच नको. रेषांचा लेअर वर ठेवून त्याचा मोड मल्टिप्लाय कर, म्हणजे पांढरं दिसेनासं होऊन फक्त रेषा उरतील, रंग खालच्या वेगळ्या लेअरवर भर, तो रेषेखाली थोडा घुसला तरी वरची काळी रेषा झाकून टाकते, किनार राहत नाही. गिम्पच्या बकेटमध्ये लाइन आर्ट ओळखून भरायचा पर्याय आहे, तो अर्धवट तुटलेल्या रेषाही सांभाळून घेतो. जाळी येते ती स्क्रीनटोनच्या (मांगात राखाडी छटा दाखवणारा नमुना) ठिपक्यांमुळे, ठिपके आणि पिक्सेल यांचं अंतर जुळत नाही म्हणून. लहान करण्याआधी फक्त त्या राखाडी भागावर थोडा गॉशियन ब्लर (धूसर करणारं फिल्टर) दे, ठिपके विरघळून सपाट करडा रंग होऊ दे. रेषा मात्र त्यात येऊ देऊ नकोस.

निळीशाई:
पीएनजीच. जेपीईजी बहुतेक वेळा रंगाची माहिती २ बाय २ पिक्सेलच्या गटाला एकच ठेवतो, म्हणजे तुमच्या १०० च्या आयकॉनमध्ये रंग खरं तर ५० बाय ५० चाच उरतो, लाल केस असतील तर कडेला हमखास फासतात. आणि साइझची काळजी नको, १०० बाय १०० गुणिले ३ म्हणजे अजिबात कॉम्प्रेस न करताही ३०,००० बाइट, पीएनजी सहसा त्याच्या बराच खाली बसतो. एक्सपोर्ट करताना थंबनेल आणि एक्झिफचे (फाइलसोबत जोडलेली माहिती) टिक काढून टाका, एवढ्याशा फाइलमध्ये त्यांचंही वजन कळतं.