प्लेटलेट्स म्हणजेच गुठळी नव्हे
प्लेटलेट्स (जखमेवर चिकटणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) पुरेशा असल्या की रक्त थांबणारच, असं एकाने लिहिलंय. ते अर्धंच खरं. हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, प्लेटलेट्स सहसा नॉर्मलच असतात. कमतरता असते घटक ८ किंवा ९ची (घटक म्हणजे रक्त गोठायला लागणारे, आकड्यांनी ओळखले जाणारे पदार्थ). म्हणून प्लेटलेट्स असूनही सांध्यात रक्तस्राव होतो.

कापलं की आधी रक्तवाहिनी आकसते, मग तिच्या भिंतीतल्या, उघड्या पडलेल्या कोलॅजेन या प्रथिनाला प्लेटलेट्स चिकटून बूच तयार होतं. पण हे बूच कच्चं. थ्रोम्बिन हे विकर रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवतं आणि घटक १३ त्या धाग्यांना एकमेकांत टाके घालतो, तेव्हा कुठे ते पक्कं होतं. जाळीत तांबड्या पेशी अडकतात, म्हणून गुठळी लालभडक. दाढ काढल्यावर कापूस घट्ट चावून धरा, जोरात चूळ भरू नका, असं बजावतात ते हीच ताजी जाळी खड्ड्यातून निघून येऊ नये म्हणून.

घटकांच्या आकड्यांवरून क्रम लावायला जाऊ नका, डोकं फिरेल. ते आकडे कामाच्या नव्हे, साधारण शोधाच्या क्रमाने पडलेत, आणि घटक ६ तर यादीत नाहीच! घटक २, ७, ९ आणि १० यकृतात बनताना व्हिटॅमिन के लागतं. नवजात बाळात ते फार कमी असतं, म्हणून जन्मल्या जन्मल्या त्याचं इंजेक्शन देतात.